दुखोबोर लोकांचा इतिहास ऑनलाइन शोधायचाय? मग आधी स्पेलिंगचा घोळ निस्तरा

आम्ही सरीहून कॅल्गरीला गाडीने निघालो होतो आणि नेहमीचा ट्रान्स-कॅनडा सोडून मी हौसेने खालचा हायवे ३ घेतला, बरोबर आई, आणि आई माळकरी, म्हणजे रस्त्यात खायचं काय हा प्रश्न कायमचाच. ब्रिटिश कोलंबियातल्या ग्रँड फोर्क्सला एका साध्या हॉटेलात शिरलो तर वाढणाऱ्या बाईंनी आपणहून सांगितलं की बोर्श्ट (एरवी बिटाचं असतं ते सूप) घ्या, त्यात मांस नाही, आमचे लोक खातच नाहीत. बाऊलमध्ये कोबी, बटाटा, टोमॅटो, भरपूर लोणी आणि क्रीम, वरून चिरलेला शेपू. शेपू म्हटलं की नाक मुरडणारा मी, पण बाऊल पुसून खाल्ला. बीट कुठे दिसेना म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ते नुसतं रंगापुरतं अख्खं टाकायचं आणि नंतर काढून घ्यायचं. आमचे लोक म्हणजे कोण, हे त्या रात्री मोटेलमध्ये मोबाइलवर शोधायला बसलो, ते निघाले दुखोबोर, रशियातून कॅनडात आलेला एक धार्मिक समाज, आणि तिथून पुढे वर्षभर तेच चाललंय, त्यामुळे माझा जो वेळ वाया गेला तो तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे नाव. दुखोबोरचा आपल्या दुःखाशी काहीही संबंध नाही. रशियनमध्ये दुख म्हणजे आत्मा आणि बोरेत्स म्हणजे झुंजणारा, आत्म्याचे पैलवान म्हणा ना. अठराव्या शतकाच्या शेवटी चर्चच्या एका मोठ्या धर्मगुरूने हे नाव शिवी म्हणून दिलं होतं, की हे लोक पवित्र आत्म्याशीच भांडतात, आणि यांनी ते हसत उचललं, म्हणाले भांडतो खरं पण आत्म्याच्या बळावर. आता सर्चमध्ये काय टाकायचं? इंग्रजीत डी-ओ-यू-के-एच-ओ-बी-ओ-आर हे जास्त चालतं, पण डी-यू-के-एच-ओ-बी-ओ-आर पण टाका, शेवटी एस लावून टाका, आणि कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या त्यांच्या हेरिटेज व्हिलेजच्या नावात तर शेवटी ओ-यू-आर आहे. नेत्याचं आडनाव वेरिगिन, त्यात दुसरं अक्षर ई आणि चौथं आय, पण त्याच्याच नावाच्या गावात चौथं अक्षरसुद्धा ई, कुणीतरी कधीतरी चुकवलं ते तसंच राहिलं. आडनावांचं तर विचारूच नका, रशियातला पोपोव कॅनडात पोपॉफ झाला, शेवटी व्हीच्या जागी दोन एफ, आणि बायकांच्या आडनावाच्या शेवटचा आ बऱ्याच वेळा गायब. म्हणून एकच स्पेलिंग टाकून काही मिळालं नाही म्हणून बंद करू नका, मी पहिले दोन आठवडे हेच केलं.

मग लगेच कागदपत्रांत उडी मारू नका, आधी सांगाडा डोक्यात बसवा. कॅनेडियन एन्सायक्लोपीडियातला लेख आणि डिक्शनरी ऑफ कॅनेडियन बायोग्राफीमधली पीटर वेरिगिनची नोंद, दोन्ही फुकट आहेत, तासाभरात वाचून होतात. थोडक्यात असं की पुजारी नको, मूर्ती-चित्रं नकोत, देव प्रत्येक माणसात आहे म्हणून माणूस मारायचा नाही, असं मानणारे हे रशियातले शेतकरी. १८०२ पासून त्यांना आजच्या दक्षिण युक्रेनमध्ये मोलोच्ना नदीच्या काठी वसवलं, १८४० च्या दशकात तिथून हाकलून कॉकेससमध्ये पाठवलं, १८९५ मध्ये त्यांनी स्वतःजवळची सगळी हत्यारं ढीग करून जाळली आणि सैन्यात जायला नकार दिला, त्यावर कोसॅक घोडेस्वारांनी चाबकाने फोडून काढलं. मग १८९९ मध्ये साधारण साडेसात हजार लोक जहाजांनी कॅनडात आले. पैशाची सोय कुणी केली, तर इंग्लंडच्या क्वेकर लोकांनी, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाने, आणि रशियन लेखक टॉलस्टॉयने, त्याने ‘रिझरेक्शन’ कादंबरीचं मानधन यासाठी दिलं आणि त्याचा मोठा मुलगा सर्गेई एका जहाजावर त्यांच्याबरोबर आला.

तारखांची एक भानगड इथेच सांगतो. हत्यारं जाळली ती रात्र कुठे २८-२९ जून लिहिलेली दिसेल, कुठे जुलैची तारीख दिसेल, चूक कुणाचीच नाही, रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं आणि ते एकोणिसाव्या शतकात १२ दिवस मागे चालायचं. जहाज काळ्या समुद्रावरच्या बाटुमहून सुटल्याची तारीख जुन्या कॅलेंडरची आणि कॅनडात हॅलिफॅक्सला लागल्याची नव्या, असं एकाच पानावर सापडलं की प्रवास भलताच लांबतो.

आता खरी खाण. दुखोबोर डॉट ओआरजी नावाची साइट आहे, दुखोबोर हेरिटेज. कुणा मोठ्या युनिव्हर्सिटीची नाही, समाजातल्याच माणसाने वर्षानुवर्षं बसून उभी केलेली. गावांची नावं, नकाशे, जहाजांच्या याद्या, आडनावं, जुन्या आठवणींची भाषांतरं, सगळं आहे. पण तिथे गेल्यावर माणूस हरवतो, म्हणून माझं ऐका, एक गाव धरा. मी तेर्पेनिये धरलं, अर्थ सोशिकपणा. सर्च केलं तर एक तेर्पेनिये मोलोच्नाला, एक कार्सला, म्हणजे आज तुर्कस्तानात आहे तिकडे, आणि कॅनडातही. डोकं फिरलं. मग लक्षात आलं की हे लोक जिथे गेले तिथे जुन्याच गावांची नावं बरोबर नेत होते, ओर्लोव्का, स्पासोव्का, गोरेलोव्का सगळ्यांचं हेच, त्यामुळे गावाच्या नावाशेजारी साल लिहून ठेवल्याशिवाय पुढे सरकू नका. १८३० चं तेर्पेनिये म्हणजे युक्रेन, १८९० चं म्हणजे कार्स, १९०५ चं म्हणजे कॅनडाची प्रेअरी, तिथला गवताळ मैदानी भाग. एवढं एक वहीत लिहिलं आणि अर्धे गोंधळ तिथेच मिटले.

कुटुंब शोधायचं असेल तर पुढचा थांबा लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडा. १९०१ ची जनगणना, १९०६ ची प्रेअरी प्रांतांची, १९११, १९१६ अशा सगळ्या घरबसल्या फुकट बघता येतात, हाताने लिहिलेल्या पानांच्या स्कॅनसकट. १९०६ च्या फॉर्ममध्ये घोडे किती, दुभत्या गायी किती, डुकरं किती असे रकाने आहेत, ते वाचताना मजा येते. नाव सापडत नसेल तर नाव सोडा, जिल्हा निवडा आणि पानं एकेक करून बघा, कारण इंडेक्स करणाऱ्याने रशियन आडनावाचं काय केलं असेल याचा नेम नाही. मी एका पैसे घेणाऱ्या साइटची वर्षाची मेंबरशिप घाईघाईत घेतली आणि तिथे जे मिळालं ते सगळं इथे आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट होतं, जाऊ दे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लायब्ररी अँड आर्काइव्हजवरच पश्चिम कॅनडातल्या जमिनीच्या पट्ट्यांचा डेटाबेस आहे, त्यात मी नावं शोधत बसलो आणि मोजकीच सापडली. कारण त्यात ज्यांना पक्का कागद मिळाला तेच आहेत. दुखोबोर लोकांना जमीन गावाच्या नावावर सामाईक हवी होती, सरकार म्हणालं १६० एकरांचा तुकडा प्रत्येकाने आपापल्या नावावर घ्यायचा आणि राजनिष्ठेची शपथ घ्यायची, आणि शपथ यांना धर्मात बसेना. १९०७ मध्ये सरकारने बरीच जमीन काढून घेतली, मग १९०८ पासून हजारो लोक वेरिगिनच्या मागे ब्रिटिश कोलंबियात आले. म्हणजे डेटाबेसमध्ये नाव नसणं हाच इथे इतिहास आहे. ज्यांनी अर्ज केला पण पुढे रद्द झाला त्यांच्यासाठी सस्कॅचेवानच्या प्रांतिक आर्काइव्हजची होमस्टेड फाइल्सची, म्हणजे सरकारी जमिनीसाठी केलेल्या अर्जांची, यादी बघा. तसंच ब्रिटिश कोलंबियाच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या इंडेक्सचं, आमची लग्नं सरकारला कशाला सांगायची असं म्हणत यांनी कितीतरी वर्षं नोंदी केल्याच नाहीत, तेव्हा नोंद मिळाली नाही म्हणजे माणूस नव्हता असं समजू नका.

वर्तमानपत्रांसाठी यूबीसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाचं ओपन कलेक्शन्स वापरा, त्यात ग्रँड फोर्क्स सन सारखे जुने पेपर शब्द टाकून शोधता येतात. पण इथे जरा सांभाळून. इंग्रजी पेपरांना या लोकांमध्ये दोनच गोष्टी दिसायच्या, कपडे काढून मोर्चे आणि जाळपोळ. ते करणारे सन्स ऑफ फ्रीडम हा छोटा गट, बाकी बहुतेक लोक जॅम बनवत आणि सफरचंदं पिकवत होते, पण जॅमची बातमी कोण छापणार. एक फोटो तुम्हाला हमखास दिसेल, १८९९ चा, पांढरे रुमाल बांधलेल्या बायका दोन-दोनच्या रांगेत नांगर ओढतायत. पेपरांनी तो बघा कसे बायकांना बैलासारखे जुंपतात म्हणून नाचवला. खरं काय, तर पुरुष मजुरी करून रोख पैसे आणायला रेल्वेच्या कामावर गेलेले, बैल-घोडे पुरेसे नाहीत, पेरणीची वेळ निघून चाललेली, म्हणून बायकांनी स्वतःच ठरवून नांगर खांद्यावर घेतला. हाच फोटो तीन-चार ठिकाणी उघडा आणि खालचे मथळे वाचा, कुठला सोर्स कसा आहे ते तिथेच कळतं. म्हणून माझा नियम, आधी समाजाने स्वतः लिहिलेलं वाचायचं आणि मग पेपर. यूएससीसी ही त्यांची मुख्य संस्था, तिची साइट आहे, आणि इस्क्रा नावाचं त्यांचं मासिक १९४३ पासून निघतंय. बाहेरच्याने लिहिलेलं पण जवळून बघितलेलं हवं असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर एल्मर मॉडचं १९०४ चं पुस्तक आहे, हा टॉलस्टॉयचा भाषांतरकार, कॅनडाशी बोलणी करणाऱ्यांतला एक, नंतर वेरिगिनवर बराच चिडलेला, ते ध्यानात ठेवून वाचा.

ज्यांना गुन्हेगारी कथा आवडतात त्यांनी थेट कॅनेडियन मिस्टरीज डॉट सीए वर जा. २८-२९ ऑक्टोबर १९२४ च्या रात्री ब्रिटिश कोलंबियात फॅरनजवळ धावत्या ट्रेनच्या डब्यात स्फोट झाला आणि वेरिगिन मेला, कुणी केलं ते आजतागायत कळलेलं नाही. या साइटवर पोलिसांचे अहवाल, तपासातल्या साक्षी, तारा, फोटो असं सगळं मूळ कागदांसकट ठेवलंय आणि उत्तर मुद्दाम दिलेलं नाही, तुम्हीच शोधा म्हणतात. मी एका शनिवारी सकाळी उघडली आणि जेवायला आईने तीन हाका मारल्या.

ब्रिटिश कोलंबियातल्या न्यू डेन्व्हरचं प्रकरण वाचायचं तर मन घट्ट करून. १९५३ ते १९५९ मध्ये सन्स ऑफ फ्रीडमच्या मुलांना शाळेत पाठवत नाहीत म्हणून पोलिसांनी घरातून उचलून तिथे डांबलं, आईबापांनी भेटायचं ते तारेच्या कुंपणातून. ब्रिटिश कोलंबियाच्या ओम्बुड्सपर्सनचा, म्हणजे सरकारविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा, १९९९ चा अहवाल त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतो, तो पूर्ण वाचा, आणि १ फेब्रुवारी २०२४ ला प्रांताचे प्रीमियर (मुख्यमंत्रीच म्हणा) डेव्हिड एबी यांनी कॅसलगारला मागितलेली माफीही शोधून ऐका. एक विनंती, त्यातली कितीतरी मुलं आज म्हातारी होऊन जिवंत आहेत, तेव्हा कुटुंबवृक्ष बनवत असाल तर हयात माणसांची नावं पब्लिक करू नका.

रशियन पानं वाचायला मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करणारं ॲप पुरेसं आहे, फक्त १९१८ च्या आधीच्या छपाईत जुनी जास्तीची अक्षरं असतात तिथे ते काहीही बरळतं. याची गरज पडते ती मुख्यतः जिवंत पुस्तकासाठी. हे लोक धर्मग्रंथ कागदावर ठेवायचेच नाहीत, स्तोत्रं तोंडपाठ, आईकडून मुलीकडे, आणि त्यालाच जिवंत पुस्तक म्हणायचे. बोंच-ब्रुयेविच नावाचा माणूस १८९९ मध्ये त्यांच्याबरोबर जहाजाने येऊन ती उतरवत बसला आणि १९०९ मध्ये ती छापली. गांधीजींकडून यायचं असेल तर त्यांचं समग्र वाङ्मय गांधी हेरिटेज पोर्टलवर आहे आणि टॉलस्टॉयने त्यांना पाठवलेल्या पहिल्या पत्रापासून सुरुवात करा, साल तेच, १९०९. ट्रान्सवालमधल्या आपल्या लोकांची लढाई आणि रशियात सैन्यात जायला नकार देणाऱ्यांची लढाई त्याने एकाच दमात लिहिलीय.

आणि वाचून वाचून डोळे दुखले की यूट्यूबवर दुखोबोर स्तोत्रं लावा. वाद्य एकही नाही, एकेक अक्षर इतकं लांबवतात की रशियन येणाऱ्यालाही शब्द कळत नाहीत. सोब्रानिये म्हणजे त्यांची सभा, तिचा व्हिडिओ मिळाला तर बघा, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये टेबलावर पाव, मीठ आणि पाणी एवढंच, आणि मग एकमेकांसमोर वाकतात, समोरच्यातल्या देवाला. मी तो आईला दाखवला. ती थोडा वेळ गप्प बघत होती, मग म्हणाली, अरे वारीत आम्ही दुसरं काय करतो, आणि विचारलं की टाळ नाहीत का रे यांच्याकडे.

प्रत्यक्ष जायचं असेल तर कॅसलगारचं दुखोबोर डिस्कव्हरी सेंटर बघा आणि जवळच ब्रिलियंटला त्यांनी १९१३ मध्ये स्वतः बांधलेला झुलता पूल आहे तो चालून या. फक्त निघायच्या आधी सेंटरच्या वेळा बघा, ते सीझनपुरतंच उघडं असतं, आम्ही ऑक्टोबरात गेलो आणि गेटवरचं कुलूप बघून परत आलो.