सांधेदुखी: झीज आणि सूज यात गल्लत करू नका, या चुका टाळा

फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये रोज एक वाक्य ऐकू येतं. "मॅडम, वात आहे, व्यायाम सांगा." वात आहे हे ठरवलं कोणी, तर शेजारच्या काकूंनी, नाहीतर मेडिकलवाल्याने. अहो पण कुठला? सांधा दुखायची दोन अगदी वेगळी कारणं असतात. एक झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, विरत जाते, हाडाच्या कडेला टोकं येतात, सगळं वर्षानुवर्षं हळूहळू चालतं. दुसरी सूज, म्हणजे रुमॅटॉइड आणि त्याची भावंडं. रुमॅटॉइडमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजतं आणि कूर्चा, हाड दोन्ही कुरतडतं. झिजेचं निदान चार महिने उशिरा झालं तर सहसा आभाळ कोसळत नाही. सुजेत तेच चार महिने महागात पडतात, कारण कुरतडलेलं हाड औषधाने पुन्हा भरून येत नाही.

झीज जास्त दिसते हे खरं आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू झाली, तिच्यात रुमॅटॉइड साधारण अर्धा टक्का प्रौढांमध्ये सापडला आणि झीज त्याच्या दहापटीच्या आसपास. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, झीजच असणार. आणि नेमके त्या अर्ध्या टक्क्यातले लोक मागे राहतात.

सकाळचा हिशोब न ठेवणं

डॉक्टरांनी विचारलं "सकाळी सांधे आखडतात का?" की सगळे "हो" म्हणतात, कारण झिजेतही आखडतात. प्रश्न किती वेळ हा आहे. झिजेत दहा-पंधरा मिनिटं, फार तर अर्धा तास, चार पावलं चाललं की मोकळं. मग दिवसभर वापर होईल तसं दुखणं वाढतं आणि बसलं की बरं वाटतं. सुजेत आखडलेपणा तासभर, कधी दोन तास टिकतो, हालचाल केली की सुटत जातो आणि आराम केला की उलट वाढतो. मी पेशंटला विचारते, उठल्यावर किती वाजता चहाचा कप एका हाताने धरता आला? ती वेळ रोज कॅलेंडरवर लिहायला लावते. दोन आठवड्यांचं असं पान डॉक्टरांना दाखवलं तर "खूप दुखतं हो" यापेक्षा कितीतरी जास्त उपयोग होतो. आणि बोटं सुजत असतील तर सकाळीच मोबाईलवर फोटो काढा, कारण अपॉइंटमेंट दुपारची असते आणि तोवर सूज उतरते आणि मग सगळेच म्हणतात काही नाहीये.

पुडी

यावर मी लांब लिहिणार आहे, कारण हे बघून बघून जीव मेटाकुटीला येतो.

तिशीतली एक ताई. दुसरं बाळंतपण होऊन काही महिने झालेले. सकाळी बोटं वळत नव्हती, बाळाच्या झबल्याच्या नाड्या बांधता येईनात, त्या मोठ्या लेकीकडून बांधून घ्यायच्या. घरात निदान तयार होतं, ओल्या बाळंतिणीला वारं लागलं. शेक-शेगडी झाली, डिंकाचे लाडू झाले. बाळंतपणानंतरचे महिने हे रुमॅटॉइड डोकं वर काढण्याचे ओळखीचे दिवस आहेत, ते घरात कोणाला माहीत असणार. मग आठवडी बाजारात बसणाऱ्या एकाकडून कागदात बांधलेली तपकिरी पूड आली. लेबल नाही, नाव नाही, "शंभर टक्के जडीबुटी". तिसऱ्या दिवशी बोटं मोकळी! घरात आनंदीआनंद. वर्षभर पुडी चालली, चेहरा गोल झाला, अंग चढलं, तब्येत सुधारली म्हणून लोक कौतुक करायचे, मग शुगर निघाली. आणि एक दिवस तो माणूस बाजारात यायचा बंद झाला. पुडी संपल्यावर काही दिवसांत उलट्या, बीपी खाली, उठता येईना, थेट ॲडमिट. पुडीत स्टेरॉइड होतं. बाहेरून इतके महिने स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराचं स्वतःचं बनवणं मंदावतं आणि एकदम तोडलं तर जिवावर बेततं. ती वाचली. पण वर्षभर सूज नुसती दबलेली होती, आजार आत चालूच होता, आणि माझ्याकडे आली तेव्हा उजवं मनगट जेमतेम हलत होतं.

हा चमत्कार नवीन नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच या डॉक्टरांनी रुमॅटॉइडच्या पेशंटना कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं थोड्याच दिवसांत चालायला लागली, १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. दुष्परिणामही लवकरच दिसले. आजही रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांच्या सुजेचे डॉक्टर, स्टेरॉइड देतात, पण कमी डोस, थोडे दिवस, मूळ औषध लागू पडेपर्यंत. माझा नियम साधा आहे: ज्यावर नाव लिहिलेलं नाही ते तोंडात घालायचं नाही, आणि जे तीन दिवसांत जुनी सांधेदुखी गायब करतं त्याचा आधी संशय घ्यायचा. आधीपासून अशी पुडी चालू असेल तर मात्र हे वाचून आज बंद करू नका, पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

तीन दिवसांत बरं व्हायची ही घाईच सगळा घोटाळा करते. मेथोट्रेक्सेट, म्हणजे रुमॅटॉइडचं ते मूळ औषध, लागू पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि लोक तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडतात. आणखी एक, ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, माणूस दगावू शकतो. वार ठरवा आणि स्ट्रिपवर पेनाने लिहा. मूल हवं असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते आधी सांगा, औषध बदलावं लागतं.

रिपोर्ट वाचून निदान करणं

"आर्थ्रायटिस प्रोफाइल" नावाचं पॅकेज करून लोक थेट माझ्याकडे येतात. मी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवते आणि आधी हात बघते. नखाजवळच्या पेरांवर टणक, हाडासारख्या गाठी असतील तर बहुतेक झीज. बोटांच्या मुळाचे सांधे आणि मनगट दोन्ही हातांना सुजलेलं, दाबलं तर मळलेल्या कणकेसारखं मऊ आणि हस्तांदोलन केलं की कळ येते, तर रुमॅटॉइडचा विचार आधी. नखांवर बारीक खड्डे आणि डोक्यात खवले असतील तर सोरायसिसची सूज, ती नखाजवळच्या पेरांनाही धरते.

आता रिपोर्ट. आरए फॅक्टर ही रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे रुमॅटॉइड असं नाही, म्हाताऱ्या धडधाकट माणसांतही तो सापडतो. निगेटिव्ह म्हणजे सुटलो असंही नाही, रुमॅटॉइडच्या साधारण पाचातल्या एकाला तो नसतोच. अँटी-सीसीपी ही रक्ताची दुसरी टेस्ट त्यापेक्षा भरवशाची. एएसओचं तर बोलूच नका. घशाचं स्ट्रेप्टोकोकस इन्फेक्शन होऊन गेलंय एवढंच ती टेस्ट सांगते, ऱ्हुमॅटिक फीव्हरचा (त्या इन्फेक्शननंतर सांधे आणि हृदयाला धरणारा ताप) संशय असेल तेव्हा, बहुतेक शाळकरी वयात, तिचा उपयोग. पन्नाशीच्या बाईचा गुडघा झिजलाय आणि एएसओ वाढलंय म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, हे मी पाहिलंय. त्या गुडघ्याला त्याने काय मिळणार? युरिक ॲसिड थोडं वाढलं म्हणून डाळ बंद करणारे वेगळेच. सांधा कधी सुजलाच नाही तर तो गाऊट (युरिक ॲसिडचे खडे साचून सांधा सुजण्याचा आजार) नव्हे, आणि गाऊटच्या ऐन ॲटॅकमध्ये युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकतं.

बाकीच्या पटापट

एक्स-रे नॉर्मल म्हणून खूश होऊ नका, सुजेच्या आजारात पहिले काही महिने तो नॉर्मलच दिसू शकतो.

दही, टोमॅटो, चिंच बंद करून झीजही थांबत नाही आणि सूजही नाही.

गुडघा झिजलाय म्हणून चालणं बंद करू नका. मांडीचा स्नायू गेला की गुडघा उघडा पडतो. पाय सरळ ठेवून उचलायचा व्यायाम रोज करा, आणि वजन उतरवा. एक किलो कमी झालं तर दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने उतरतो.

डायक्लोफेनॅक ही दुखणं कमी करणारी गोळी मेडिकलमधून स्वतःच आणून महिनोन्महिने खाणं किडनीला आणि पोटाला भारी पडतं आणि रुमॅटॉइड त्याने थांबत नाही.

चिकनगुनियानंतर दोन्ही हातांचे सांधे महिनोन्महिने धरू शकतात, हुबेहूब रुमॅटॉइडसारखे. ताप कधी आला होता ते आठवून सांगा.

विशी-पंचविशीतल्या मुलाची कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखतेय, पहाटे दुखण्याने जाग येते, फिरलं की बरं वाटतं, तर "बाईक जास्त चालवतो" म्हणून सोडून देऊ नका. ते अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याच्या सांध्यांची सूज, असू शकतं. डोळा लाल होऊन दुखला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याचा याच्याशी संबंध असतो.

आणि एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म सुजला आणि अंगात ताप असेल तर शेकही नको, मालिशही नको, माझ्याकडेही येऊ नका. त्याच दिवशी हॉस्पिटल. सांध्यात पू झाला असेल तर काही दिवसांत सांधा जातो, आणि ते सुईने पाणी काढून तपासल्याशिवाय कळत नाही.