रात्री वाचता येईल असा रिफ्लेक्टिव्ह बॅनर

गणपतीत मंडपाच्या अलीकडे 'गाडी हळू चालवा'चा बॅनर लावणार असाल तर रिफ्लेक्टिव्ह व्हिनाईलवर (म्हणजे पडलेला प्रकाश परत फेकणाऱ्या प्लास्टिकच्या शीटवर) पूर्ण रंगीत डिझाईन अजिबात छापू नका, कारण गडद शाई बसली की खालची चमक तिथेच मरते आणि हेडलाईटमध्ये सगळं गिचमिड दिसतं. पांढरं किंवा पिवळं बॅकग्राउंड मोकळं सोडा, वर जाड काळी अक्षरं, मोजकेच शब्द. अंदाज असा की 30 फुटांवरून वाचायचं तर अक्षर निदान 3 इंच, हायवेला त्याहून बरंच मोठं. प्रिंट घेताना दुकानातच लाईट बंद करायला सांगा, मोबाईलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून लांबून बघा, हातात खाली धरलात तर खरी चमक कळणारच नाही. आणि घडी घालू नका प्लीज, रोल करूनच न्या.