बोटॉक्सचे इंजेक्शन घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

ज्याला आपण सरसकट बोटॉक्स म्हणतो, ते बोटुलिनम टॉक्सिन मुळात एका जिवाणूचे विष आहे. स्नायूला आकुंचन पावण्याचा मज्जातंतूकडून येणारा संदेश ते अडवते, त्यामुळे स्नायू सैल पडतो. लकव्यानंतर ताठरलेला हात, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणारा विकार) असलेल्या मुलाची जमिनीला न टेकणारी टाच, आपोआप मिटणाऱ्या पापण्या, वाकडी झालेली मान आणि जुनाट अर्धशिशी यांवर त्याचा उपयोग होतो. अमेरिकेत त्याला पहिली मान्यता १९८९ मध्ये डोळ्यांच्या विकारांसाठी मिळाली. भुवयांमधल्या आठ्यांची पाळी २००२ मध्ये आली, आणि माझ्या मते निकडीच्या क्रमात ती शेवटचीच आहे.

हे इंजेक्शन ब्यूटी पार्लरमध्ये, लग्नसराईतील सवलत म्हणून मिळत असले तरी घेऊ नये. प्रशिक्षित डॉक्टरांकडे गेल्यावरही कुपी आपल्यासमोर उघडण्यास सांगावे आणि नाव, बॅच क्रमांक व मुदत लिहून घ्यावी. एका ब्रँडचे युनिट (डोस मोजण्याचे एकक) दुसऱ्या ब्रँडच्या युनिटइतके नसते, म्हणून नुसता आकडा टिपून भागत नाही. बहुतेक कुप्या २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, अशा मराठवाड्यात फ्रीजला इन्व्हर्टर आहे का, हे विचारण्यात संकोच कसला?

मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार, गर्भारपण, स्तनपान किंवा जेंटामायसिन, ॲमिकॅसिन यांसारखी चालू असलेली प्रतिजैविके डॉक्टरांना आधीच सांगावीत. परिणाम दिसू लागायला काही दिवस आणि पूर्ण दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून दुसऱ्याच दिवशी ‘काहीच फरक नाही’ म्हणून वाढीव डोस मागू नये. हा परिणाम सुमारे तीन ते चार महिने टिकतो. चेहऱ्यावर इंजेक्शन घेतले असल्यास त्या दिवशी ती जागा चोळू नये.

टोचलेल्या जागी दुखणे किंवा किरकोळ काळेनिळे पडणे यात घाबरण्यासारखे नाही. मात्र गिळताना अडखळणे, बोबडे बोलणे, एकाची दोन दिसणे, मान न सावरणे किंवा दम लागणे ही विष शरीरात इतरत्र पसरल्याची लक्षणे असू शकतात, आणि ती काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही उद्भवतात. अशा वेळी रुग्णाला तोंडाने काही न देता १०८ ला फोन करावा आणि अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे. संभाजीनगरचे घाटी, तसेच अंबाजोगाई, लातूर व नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये ध्यानात ठेवावीत. कुपीचा तपशील लिहिलेला कागद सोबत न्यावा. प्रतिविष रक्तात मोकळे फिरणारे विष निकामी करते, पण मज्जातंतूत शिरलेले विष त्याला काढता येत नाही. त्यामुळे श्वास मंदावण्याची वाट पाहत घरी थांबू नये.