एअर फ्रायरमध्ये पोर्क रिब्स, सॉस अगदी शेवटी

बार्बेक्यूसाठी, म्हणजे धुरावर भाजलेल्या मांसासाठी, प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत राहून रिब्स (डुकराच्या बरगड्या) एअर फ्रायरमध्ये करते म्हटलं की इथली मंडळी भुवया उंचावतात. त्यांचं बरोबरच आहे. हिकरीच्या लाकडाच्या धुरावर पाच-सहा तास राहिलेल्या मांसाची चव या यंत्रातून येणार नाही. पण आमच्या अपार्टमेंटच्या बाल्कनीत कोळसा पेटवायला बंदी आहे, आणि मधल्या वारी ऑफिसातून आल्यावर मला धुराचा हट्टही नसतो. मऊ मांस आणि वर चिकट, कडेला जरासा करपलेला सॉस, एवढं एअर फ्रायर चोख करतो.

बेबी बॅक रिब्स, म्हणजे पाठीकडच्या बरगड्या, घ्या. पोटाकडच्या स्पेअर रिब्सपेक्षा त्या लहान असतात आणि लवकर शिजतात. किलोभराचा पट्टा दोघा-तिघांना पुरतो. पाकिटावरची बारीक अक्षरं मात्र वाचा. ‘सोल्यूशन’ लिहिलं असेल तर मांसात आधीच मिठाचं पाणी भरलेलं आहे, मग मसाल्यातलं मीठ निम्मं करा.

हाडांच्या बाजूला पांढरा, चिवट पापुद्रा असतो. तो शिजून मऊ होत नाही आणि मसालाही आत जाऊ देत नाही. टोकाच्या हाडावर बोथट सुरी त्याच्याखाली सरकवा. कोपरा सुटला की पेपर टॉवेलच्या चिमटीत धरून ओढा, नुसत्या बोटांतून तो निसटतो. नशीब असेल तर सबंध सोलून येतो, नाहीतर तुकड्या-तुकड्याने.

आता पट्ट्याचे तीन-चार हाडांचे तुकडे करा. दोन मोठे चमचे ब्राउन शुगर, एक मोठा चमचा स्मोक्ड पॅप्रिका, दीड छोटा चमचा मीठ, एकेक छोटा चमचा लसूण पावडर, मिरपूड आणि जिरेपूड एकत्र करून सगळीकडून चोळा. अर्धा तास ठेवलं तरी पुरे.

प्रत्येक तुकडा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, घडी वरच्या बाजूला ठेवा म्हणजे रस सांडणार नाही. १५० अंश सेल्सिअसवर ५० ते ६० मिनिटं. डुकराचं मांस ६३ अंशांना खाण्याजोगं होतं, पण रिब्स तेव्हा रबरासारख्या लागतात. हाडांभोवतीचं कोलॅजन (मांस चिवट ठेवणारं प्रथिन) विरघळायला मांस आतून ९० अंशांच्या पुढे जायला हवं. थर्मामीटर नसेल तर दोन हाडांच्या मधे टूथपिक खुपसा, अलगद गेली पाहिजे. मांसही हाडाच्या टोकापासून मागे सरलेलं दिसतं. हाडावरून आपोआप गळून पडेपर्यंत मात्र शिजवू नका, इथल्या स्पर्धांत ते जास्त शिजलेलं धरतात.

तोवर सॉस: अर्धा कप केचप, दोन मोठे चमचे मोलॅसिस, दोन मोठे चमचे अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, छोटा चमचा वूस्टर सॉस, चिमूटभर मोहरी पावडर, मंद आचेवर दहा मिनिटं. मी यात भरपूर लाल तिखट घालते. ‘बार्बेक्यू गोड हवं’ असं कुणी म्हटलं तर सांगा, या शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बेक्यूचा धंदा रुजवणाऱ्या हेन्री पेरीचा सॉस झणझणीतच होता, गोडवा नंतर आला.

फॉइल उघडताना वाफ जपा. आतल्या रसावरची चरबी काढून दोन चमचे रस सॉसमध्ये ढकला. एअर फ्रायरच्या खालच्या भांड्यात थोडं पाणी ओता, नाहीतर गळणारी चरबी जळून घरभर धूर होतो. मग उघड्या रिब्स १९० अंशांवर पाच मिनिटं, सॉस लावून आणखी तीन, उलटून पुन्हा सॉस आणि तीन मिनिटं. सॉस आधी लावायचा मोह आवरा, त्यातली साखर जळून कडू होते.

पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात कोल्ड स्टोरेजवाल्याला रिब्सचा अख्खा पट्टा ठेवायला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो करीसाठी बारीक तोडून देतो. मोलॅसिसऐवजी काकवी आणि पॅप्रिकाऐवजी ब्याडगीची पूड छान चालते. धूर हवाच असेल तर शेवटी पातेल्यात रिब्स ठेवा, वाटीत लाल निखारा, त्यावर थेंबभर तूप, आणि झाकण पाच मिनिटं. त्याहून जास्त नको, चव जळकट होते.