जंपरचं नेटवर्क कार्ड विंडोज ९५ ला कसं पटवायचं

प्लग अँड प्ले कार्ड विचारलं की आपलं नाव आणि गरजा सांगतं. जंपरचं, म्हणजे छोट्या टोप्या हलवून आकडे ठरवायचं, जुनं आयएसए (जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं) कार्ड मात्र मुकं. विंडोज ९५ ते शोधायला एकेका पोर्टावर, म्हणजे कार्डांशी बोलायच्या क्रमांकाच्या पत्त्यावर, थाप मारतं आणि उत्तरावरून अंदाज बांधतं. चुकून थाप भलत्याच कार्डाला लागली की मशीन गोठतं. म्हणून अशा कार्डासाठी आपोआप शोध टाळलेला बरा.

कार्ड अजून बसवू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात वरच्या ‘कॉम्प्युटर’वर डबल क्लिक करा, आयआरक्यूंची, म्हणजे कार्डांनी प्रोसेसरला हाक मारायच्या तारांची, यादी दिसेल. ३ आणि ४ कॉम पोर्टांचे, ७ प्रिंटरचा, १४ आणि १५ आयडीईचे, म्हणजे डिस्कचे. साउंड कार्ड बहुधा ५ वर बसलेलं असतं. एनई २००० पद्धतीची (हा नेटवर्क कार्डाचा एक प्रकार) कार्डं बऱ्याचदा पोर्टाचा पत्ता ३००, आयआरक्यू ३ अशी येतात, म्हणजे थेट कॉम २ शी भांडण. जंपरवर १० ची सोय असेल तर १० घ्या. आठ बिटांच्या कार्डावर ती शोधू नका, त्या स्लॉटला १० ची तारच नसते.

पत्ता ३०० च ठेवा (पत्त्यांचे आकडे षोडशमान पद्धतीचे, ९ नंतर ए ते एफ). ३६० मोकळा वाटतो, पण हे कार्ड ३२ पोर्ट व्यापतं, ३६० ते ३७एफ. प्रिंटर ३७८ वर असतो. मग कार्ड चालतं आणि छपाई बिघडते, नि माणूस केबल बदलत बसतो.

बायोसच्या (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जच्या) पीसीआय-पीएनपी पानावर आयआरक्यू १० ‘लेगसी आयएसए’ करा, म्हणजे जुन्या कार्डासाठी राखून ठेवा, नाहीतर तो एखाद्या पीसीआय (नव्या पद्धतीच्या स्लॉटच्या) कार्डाला दिला जाईल. मग ‘अ‍ॅड न्यू हार्डवेअर’ उघडा, शोधू का विचारल्यावर ‘नो’ म्हणा, यादीतून मॉडेल निवडा. विंडोज जे आकडे दाखवतं ते त्याच्या मनातले, जंपरवरचे नव्हेत. रिसोर्सेसमध्ये ‘यूज ऑटोमॅटिक सेटिंग्ज’ची खूण काढून ३०० आणि १० भरा. मशीन बंद करा आणि मगच कार्ड खोचा.

विंडोज बसवताना सेटअपच्या शोधातच मशीन अडकलं, पट्टी हलेना आणि डिस्कचा दिवाही थंड, तर सरळ वीज बंद करा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने गोंधळलेलं कार्ड सावरेलच असं नाही. पुन्हा सेटअप चालवून ‘सेफ रिकव्हरी’ निवडा. सी ड्राइव्हवरची डेटक्रॅश.लॉग पुसू नका, कुठे अडकलं ते त्यातूनच कळून ती पायरी वगळली जाते. तुम्हाला वाचायची असेल ती डेटलॉग.टीएक्सटी, तिची शेवटची ओळ.