जगिक गाणी ऐकावीत का? ठरवताना या चुका टाळा

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाच्या बैठकीत हा प्रश्न दर वर्षी येतो: जगिक, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं नसलेली, गाणी ऐकावीत का? विचारणाऱ्याचा आवाज जरा खालीच असतो, कारण मोबाइलमध्ये जगिक गाणी भरलेली आहेत हे सगळ्यांसमोर कबूल करायचं असतं. मुलांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर हवं असतं. माझ्या अनुभवात घोळ होतो तो ठरवण्याच्या पद्धतीत, आणि त्याच त्याच चुका पुन्हा होतात. त्यातल्या काही मी स्वतः केल्या आहेत.

जोशात सगळं एकदम जाळून टाकणं

मी सतरा वर्षांचा असताना एका संजीवन सभेहून, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या प्रार्थनासभेहून, घरी आलो आणि रात्रीच अंगणात कॅसेटी पेटवल्या. माझ्या चार होत्या. उरलेल्या बाबांच्या. त्यांनी आकाशवाणीवरून भरून घेतलेली भावगीतं, वर निळ्या शाईत त्यांचं अक्षर. एका गाण्याच्या शेवटी माझ्या धाकट्या बहिणीचं रडणं आणि आईचं ‘अहो, तिला घ्या ना जरा’ हेही भरलं गेलं होतं. सकाळी अंगणात काळा, चिकट गोळा उरला होता. बाबांनी तो खुरप्याने खरवडून काढला आणि त्यावर एक शब्दही बोलले नाहीत.

त्या काळात मी बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय 19 सगळ्यांना वाचून दाखवायचो. इफिस शहरात ख्रिस्तावर विश्वास ठेवलेल्यांनी पन्नास हजार रुप्याच्या नाण्यांची पुस्तकं जाळली. पण ती जादूटोण्याची पुस्तकं होती, आणि ज्यांची होती त्यांनीच ती जाळली. हे दोन्ही तपशील मी तेव्हा वगळून वाचले.

म्हणून आता मुलांना सांगतो: जे गाणं घाण आहे हे तुला आत्ताच कळतंय, ते आजच काढून टाक, त्यासाठी उपवास-प्रार्थनेची वाट बघू नकोस. बाकीच्यांना महिनाभर वेळ दे. आणि दुसऱ्याच्या वस्तूला, दुसऱ्याच्या मोबाइलला हात लावू नकोस.

वाद्य आणि चालीवरून निकाल देणं

‘ढोलकी वाजली की लावणी आठवते, उपासनेत नको.’ ‘गिटार म्हणजे जग.’ हे दोन्ही मी एकाच मंडळीत, एकाच महिन्यात ऐकलंय. चालीवरून निकाल द्यायचा तर आपल्या मराठी मंडळीच्या गायनाचं काय उरेल याचा विचार करावा.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू. त्यांचं क्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला छापलं गेलं. सुमारे 11,000 ओव्यांचं. ओवी म्हणजे ज्ञानेश्वरीचा छंद, आणि जात्यावर बायका गातात ती लयही. त्यांनी तीच घेतली, कारण लोकांच्या तोंडात तीच होती. पुढे 1736 मध्ये त्याच गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून लग्नात ओव्या गाण्याला मनाई केली. एका शतकात ख्रिस्ताची कथा ज्या ओवीत आली, ती ओवी पुढच्या शतकात गुन्हा ठरली. ओवी काही बदलली नव्हती. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते, कारण आजही आपण नेमकं हेच करतो.

नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) अभंगाच्या चालीत ख्रिस्ताची गीतं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. ती आपण आजही डोळे मिटून म्हणतो. युरोपातही वेगळं घडलेलं नाही. शुभ शुक्रवारी ज्या चालीवर येशूच्या जखमी मस्तकाचं गीत गायलं जातं, ती हान्स लिओ हास्लर यांनी 1601 साली एका प्रेमगीतासाठी बांधली होती.

एक मात्र सांगतो, कारण आपल्याच बाजूचे लोक ही चूक करतात. ‘ल्यूथरने दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलल्या’ हे वाक्य जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या गीतांबद्दल वादात हमखास येतं. त्याला आधार नाही. ‘बार’ हे जर्मन गीतरचनेच्या एका प्रकाराचं नाव आहे, त्याचा अर्थ कुणीतरी गुत्ता असा घेतला. खरी बाजू मांडायलाही खोटा दाखला वापरू नये.

‘मी फक्त चाल ऐकतो, शब्दांकडे लक्ष नसतं’

ही सगळ्यात मोठी चूक, आणि इंग्रजी गाण्यांच्या बाबतीत तर सर्रास होते. लक्ष नसताना शब्द आत जात नाहीत असं नाही. उलट तेव्हाच ते सहज जातात. भांडी घासताना तोंडात कुठली ओळ येते ते बघा.

यावर उपाय साधा आहे. शंका येणाऱ्या गाण्याचे शब्द वहीत स्वतःच्या हाताने लिहा. इंग्रजी किंवा पंजाबी असेल तर अर्थ मराठीत लिहा. मग ते मोठ्याने, चालीशिवाय वाचा, जसं शास्त्रपाठ वाचतो तसं. आमच्या संघातल्या एका मुलाने त्याचं आवडतं गाणं असं वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबला, कारण समोर त्याची बहीण बसली होती. मला काही बोलावं लागलं नाही. दुसऱ्या एकीने पावसाचं, विरहाचं एक गाणं वाचलं आणि सगळे शांत ऐकत राहिले. ते गाणं तिने ठेवलं. ठेवायलाच हवं होतं. विरह आणि प्रेम जगिक म्हणून टाकायचं तर पवित्र शास्त्रातलं गीतरत्नही बाजूला ठेवावं लागेल.

फिलिप्पै 4:8 मध्ये प्रेषित पौल जे जे सत्य, आदरणीय, शुद्ध, त्याचं मनन करा म्हणतो. हीच कसोटी ‘ख्रिस्ती’ लेबलाच्या गाण्यालाही लावा. येशूचं नाव घेऊन फक्त पैसा आणि बंगला मागणारी गाणीही बाजारात आहेत.

अभंगांचा प्रश्न

तुकोबांचे अभंग ऐकावेत का, हे कुजबुजत विचारलं जातं. टिळक तर तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत. पौलानेही अथेनैत (अथेन्समध्ये) ग्रीक कवींची ओळ उद्धृत केली होती (प्रेषितांची कृत्ये 17:28). मी अभंग ऐकतो, आणि त्यातून शिकतो. पण उपासना म्हणून ते म्हणत नाही. ती दुसऱ्या कुणाची प्रार्थना आहे, आणि म्हणूनच ती स्वयंपाक करताना मागे वाजत ठेवायची गोष्टही नाही, असं मला वाटतं. तुमचं मन ऐकू देत नसेल तर ऐकू नका. रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय ही मोकळीक देतो, आणि वेगळं ठरवणाऱ्याला दोष देण्याची मनाई करतो.

दुर्बळ भावाचा विचार न करणं, किंवा त्याच्या नावाने सगळ्यांना गप्प करणं

आमच्या मंडळीत एक भाऊ पूर्वी वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. रोजची बिदागी रोज दारूत जायची. आता बारा वर्षं त्यांनी थेंब घेतलेला नाही. शिबिराला जाताना टेम्पोत मुलांनी वरातीतलं एक जुनं गाणं लावलं. गाण्यात वाईट काही नव्हतं. पण या भाऊंनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली आणि म्हणाले, ‘बाळांनो, हे नको रे.’ मुलांनी लगेच बंद केलं. ते बरोबरच होतं. दुसऱ्याच्या वागण्याने दुर्बळ भावाचा विश्वास डळमळतो, त्याला पौल रोमकरांस पत्राच्या त्याच 14व्या अध्यायात ठेच लागणं म्हणतो, ते हेच.

पण ज्यांना ठेच वगैरे काही लागत नाही, नुसतं आवडत नाही, तेही हाच अध्याय पुढे करतात. आवड-नावड आणि ठेच यांत फरक आहे.

संगीताकडून औषधाची अपेक्षा

दुःखाची तीच गाणी रात्रभर ऐकणारी मुलं आहेत, आणि सतत स्तुतिगीतं लावली की निराशा जाईल असं समजणारीही आहेत. पवित्र शास्त्रात दाविदाच्या वीणेने शौल राजाला बरं वाटायचं. पण 1 शमुवेल 18 मध्ये तीच वीणा वाजत असताना शौलाने भाला फेकला. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा. आणि रात्री आपोआप पुढचं गाणं लागण्याची सोय मोबाइलमध्ये बंद करून ठेवा.

मुलांच्या हातातून मोबाइल हिसकावणं

याने मुलं गाणी सोडत नाहीत, इअरफोन लपवायला शिकतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाची घरी आली होती. तिच्या कानात काय चाललंय ते मी विचारलं. तिने माझ्याकडे जरा बघून घेतलं आणि एक इअरफोन माझ्या हातात दिला. गाणं कोरियन होतं. अर्थ आम्ही दोघांनी मिळून शोधला, तिने वहीत लिहिला. दोन ओळींवर तिचं पेन थांबलं. ‘मामा, हे मला माहीतच नव्हतं,’ ती म्हणाली. मग यादीतलं खालचं गाणं लावून म्हणाली, ‘आता हे बघूया.’