मॉड केलेला स्विच अपडेटनंतर बंद पडला? या चुका टाळा

"दादा, अपडेट मारलं आणि स्क्रीन काळी झाली." निन्टेंडोच्या स्विच या गेम कन्सोलचं नवं फर्मवेअर (कन्सोलचं मूळ सॉफ्टवेअर) आलं की आठवडाभरात मला असे तीन-चार फोन येतातच. माझं दुकान नाही. मित्रांचे आणि मित्रांच्या मित्रांचे मॉड केलेले (कंपनीच्या परवानगीबाहेरचं सॉफ्टवेअर चालवणारे) स्विच मी २०१८पासून घरीच दुरुस्त करून देतो. एवढ्या वर्षांत निव्वळ अपडेटने मेलेला कन्सोल माझ्या टेबलावर एकदाही आलेला नाही. जे मेले, ते अपडेटनंतर मालकाने घाबरून जे जे केलं त्याने मेले.

इथे मी बोलतोय ते जुन्या, अनपॅच्ड स्विचबद्दल, म्हणजे मार्च २०१७ ते साधारण २०१८च्या मध्यापर्यंत बनलेल्या. त्यांच्या टेग्रा एक्स१ चिपच्या बूटरॉममध्ये (चालू होताना सगळ्यात आधी चालणारा कोड) यूएसबी रिकव्हरीची एक चूक राहून गेली होती, ती एप्रिल २०१८मध्ये उघड झाली. बूटरॉम कारखान्यातच चिपमध्ये कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे ही चूक कुठल्याही अपडेटने बुजत नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: अपडेटनंतर काहीही बिघडलं तरी आरसीएममध्ये (चिपच्या रिकव्हरी मोडमध्ये) जाऊन पेलोड (यूएसबीवरून पाठवायचा छोटा प्रोग्राम) पाठवण्याचा रस्ता उघडाच असतो. घाई करायचं काही कारणच नाही. मॉडसाठी वेगळी चिप बसवलेल्या नव्या स्विचलाही खालचं बहुतेक सगळं लागू आहे.

आणखी एक सांगून ठेवतो. मी ही मदत करतो ती होमब्रूसाठी (हौशी लोकांनी बनवलेले प्रोग्राम) आणि स्वतःच्या सेव्हचा (गेममधली साठवलेली प्रगती) बॅकअप ठेवणाऱ्यांसाठी. फुकट गेम चालत नाहीत म्हणून फोन करणाऱ्यांना मी तिथेच नाही म्हणतो.

आधी फर्मवेअर, मग ऍटमॉस्फिअर

ही पहिली चूक, खरा क्रम उलटा आहे. आधी नव्या फर्मवेअरला चालणारं ऍटमॉस्फिअर (मॉडचं मुख्य सॉफ्टवेअर) मेमरी कार्डवर टाकायचं, ते नीट बूट होतंय हे पाहायचं आणि मगच फर्मवेअरला हात लावायचा. उलट केलंत तर हेकाटे (कन्सोल सुरू करून देणारा पेलोड) 'अननोन पीकेजी१' अशा अर्थाचा संदेश दाखवून थांबतं. ते बिघडलेलं नसतं. समोरचं फर्मवेअर त्याच्या ओळखीचं नाही, इतकंच ते सांगत असतं. एप्रिल २०२५च्या शेवटी २०.०.० आलं तेव्हा पुष्कळ सिसमॉड्यूल (मागे सतत चालणारे छोटे प्रोग्राम) नव्याने बांधावी लागली होती, आणि लोक पहिल्याच रात्री अपडेट मारून बसले होते. असं झालं तर काही पुसू नका, काही रिस्टोअर करू नका. नवी आवृत्ती येईपर्यंत कन्सोल बाजूला ठेवा. मी स्वतः कुठलंही फर्मवेअर निदान तीन आठवडे जुनं झाल्याशिवाय घेत नाही.

जुना पेलोड

कार्डवर नवं ऍटमॉस्फिअर, पण पेलोड पाठवणाऱ्या डोंगलमध्ये किंवा फोनमध्ये फ्युझे (ऍटमॉस्फिअर सुरू करणारा पेलोड) मात्र सहा महिन्यांपूर्वीचं. 'इनकरेक्ट फ्युझे व्हर्जन' दिसलं की दोन्ही फायली एकाच रिलीजमधून घ्या. काम संपलं.

जुन्या फोल्डरवर नवं ओतणं

दहातले सहा-सात फोन याचेच असतात. माणूस नवी झिप उतरवतो, सगळं कार्डवर ओढतो, 'रिप्लेस ऑल' दाबतो आणि समजतो की ऍटमॉस्फिअर नवं झालं. नवं झालेलं असतं ते फक्त झिपमध्ये असलेलं. ऍटमॉस्फिअरच्या कंटेंट्स फोल्डरात दोन वर्षांपूर्वी टाकलेली सिसमॉड्यूल, ओव्हरलेचा (गेमवरच उघडणाऱ्या छोट्या मेन्यूचा) लोडर, थीम तशाच पडून असतात. जुन्या फर्मवेअरसाठी बांधलेलं मॉड्यूल नव्यावर सुरू व्हायला जातं आणि कोसळतं. मग लोगो दिसतो आणि त्यानंतर ती एरर स्क्रीन येते, जिचा फोटोसुद्धा लोक धड काढत नाहीत.

फोटो नीट काढा, उत्तर तिथेच लिहिलेलं असतं. टायटल आयडीची (प्रत्येक प्रोग्रामचा ओळख-आकडा) ओळ वाचा. तो आकडा ०१ने सुरू होऊन १०००ने संपत असेल आणि मधे सगळी शून्यं असतील, तर कोसळलाय तो होम मेन्यू, आणि कारण जवळजवळ नेहमी जुनी थीम. कंटेंट्समधला त्याच आकड्याचा फोल्डर काढा, मेन्यू परत येतो. शेवटी ७ई५१ए दिसलं तर टेस्ला ओव्हरलेचा लोडर. ६३६सी६बी दिसलं तर क्लॉक वाढवणारं मॉड्यूल. हे आकडे एएससीआयआयमध्ये (आकड्यांतून अक्षरं लिहिण्याची पद्धत) वाचले तर 'सीएलके' होतात, बनवणाऱ्याने आपलं नावच आकड्यात लिहून ठेवलंय. कधी निन्टेंडोच्याच एखाद्या प्रोसेसचा आकडा दिसतो आणि खरा गुन्हेगार दुसराच असतो, तेव्हा एकेक करून शोधावं लागतं.

माझी पद्धत ठरलेली आहे. कंटेंट्स फोल्डरचं नाव बदलून 'जुनं' करतो आणि बूट करून पाहतो. चालू झाला, तर कन्सोल ठणठणीत आहे. मग एकेक मॉड्यूल त्याच्या मूळ ठिकाणाहून नवं उतरवतो, एक टाकतो, बूट करतो, दुसरं टाकतो. सगळ्याला मिळून पाऊण तास जातो. लोकांना हा पाऊण तास नको असतो. त्यांना 'ऑल इन वन पॅक' हवा असतो. त्यात कोणी काय भरलंय, कोणत्या आवृत्तीचं भरलंय, कशाला कोण लागतं, कशाचाच पत्ता नसतो. असा पॅक टाकलेलं कार्ड माझ्याकडे आलं की मी त्यातलं काही दुरुस्त करत बसत नाही. सेव्ह आणि निन्टेंडो फोल्डर बाजूला काढून ठेवतो आणि बाकी पहिल्यापासून मांडतो.

दुसऱ्याचं नँड रिस्टोअर करणं

नँड म्हणजे कन्सोलची आतली मेमरी. तिच्यावर दुसऱ्या कन्सोलची प्रत लिहिणं मात्र कोणी करू नये म्हणून मी हात जोडतो.

साताऱ्याचा एक पोरगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याचा स्विच २०२१च्या दिवाळीत एका दुकानातून मॉड करून घेतलेला. पुढे दोन वर्षांनी त्याने अपडेट केलं आणि एरर स्क्रीन आली. नंतर त्याने मला तिचा फोटो दाखवला: शेवटी १०००. जुनी थीम. एक फोल्डर काढला असता तर पाच मिनिटांत घरी खेळत बसला असता.

पण त्याने ग्रुपवर विचारलं आणि कोणीतरी त्याला 'चालू नँड' पाठवलं. सुमारे २९ जीबी. रात्रभर डाउनलोड करून पहाटे त्याने ते हेकाटेमधून रिस्टोअर केलं. हेकाटे त्याआधी धोक्याची सूचना दाखवून थांबतं. त्याने ती वाचली नाही.

प्रत्येक स्विचच्या नँडमधले महत्त्वाचे भाग त्या एकाच कन्सोलच्या किल्ल्यांनी कुलूपबंद असतात. दुसऱ्याचं नँड आपल्या चिपला उघडताच येत नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रॉडइन्फो नावाचा भाग: त्यात त्या कन्सोलचं कॅलिब्रेशन आणि त्याची प्रमाणपत्रं असतात. ती कारखान्यात एकदाच लिहिली जातात, आणि तुम्ही स्वतः प्रत घेतली नसेल तर ती दुसरीकडून मिळत नाही. त्यावर दुसऱ्याचं लिहिलं की आपलं गेलं. स्विच अधिकृतपणे भारतात विक्रीला आलाच नाही, त्यामुळे इथे असा कन्सोल घेऊन जायला कंपनीची खिडकीही नाही.

स्वतःचा बॅकअप त्याच्याकडे होता. दुकानदाराने तो घेऊन कार्डवर ठेवला होता. पोराने गेमला जागा हवी म्हणून तो उडवला होता.

तो कन्सोल घेऊन आला तेव्हा सोबत त्याची धाकटी बहीण होती. लॉकडाऊनमध्ये तिने एका गेममध्ये एक अख्खं बेट वसवलं होतं. घरं, बागा, आजोबांच्या नावाची एक गल्ली. आजोबा त्याच वर्षी गेले होते. ती काही बोलली नाही, फक्त कन्सोलकडे बघत उभी राहिली.

वाचवलं ते इम्यूएमएमसीने. दुकानदाराने मॉड करताना नँडची पूर्ण नक्कल कार्डच्या वेगळ्या पार्टिशनवर केली होती, आणि ते पार्टिशन पोराच्या हातून सुटलं होतं. ती नक्कल याच कन्सोलची, याच किल्ल्यांची, प्रॉडइन्फोसकट. मी हेकाटेमधून तिचा बॅकअप घेतला, तो दोन डिस्कवर ठेवला, तपासला आणि मगच परत नँडवर लिहिला. कन्सोल उठला. बेटही आलं, पण २०२१च्या दिवाळीपर्यंतचं. ती कायम मूळ नँडवरच खेळायची, त्यामुळे पुढची दोन वर्षं गेली ती गेलीच. गल्ली होती.

म्हणून सांगतो, मॉड झाल्यावर पहिलं काम बॅकअप: बूट०, बूट१ आणि रॉ नँड, नँडचे तिन्ही भाग. कार्ड निदान ६४ जीबीचं घ्या. हेकाटेमध्ये पडताळणी पूर्ण चालू ठेवा, वेळ लागला तर लागू द्या. मग ते कार्डवरून काढून संगणकावर आणि आणखी एका डिस्कवर ठेवा. फोल्डरला कन्सोलचा सिरियल नंबर लिहा, कारण घरात दोन स्विच असले की अदलाबदल होते. बॅकअप घेतल्याशिवाय आलेल्या कन्सोलला मी दुसरं काहीच करत नाही, माणूस कितीही घाईत असो.

एक्सफॅट कार्ड

एक्सफॅट आणि फॅट३२ या कार्ड फॉरमॅट करायच्या दोन पद्धती. स्विचमध्ये एक्सफॅटचा ड्रायव्हर मुळात नसतो, तो अपडेटबरोबर वेगळा येतो. डेब्रेकमधून (ऍटमॉस्फिअरबरोबर येणारं अपडेटचं साधन) अपडेट करताना ते विचारतं: फक्त फॅट३२ की एक्सफॅटसुद्धा? कार्ड एक्सफॅट असताना पहिला पर्याय निवडलात की नवं फर्मवेअर कार्डच वाचू शकत नाही, आणि समोर काळी स्क्रीन. परत डेब्रेक चालवायला कार्ड लागतं आणि कार्ड तर वाचता येत नाही. अशा वेळी कार्डवरचं सगळं संगणकावर घ्या, कार्ड फॅट३२ करा, ३२ केबीचं क्लस्टर ठेवा आणि परत भरा. इम्यूएमएमसीचं पार्टिशन असेल तर आधी त्याचाही बॅकअप घ्या. होमब्रू एक्सफॅटवर मधेच बंद पडलं तर फायली खराब होतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की एक्सफॅट कार्ड मी कोणालाच ठेवू देत नाही. फायलीला ४ जीबीची मर्यादा येते, ती सोसा.

मॅकवरून फायली टाकल्या असतील तर हेकाटेच्या टूल्समध्ये जाऊन 'फिक्स आर्काइव्ह बिट' चालवा, ते फायलींवरची चुकीची खूण दुरुस्त करतं. कार्ड रस्त्यावरच्या टपरीवरून घेतलं असेल, तर ५१२ जीबी लिहिलेलं खरंच ५१२ आहे का ते आधी तपासा.

मेलेला नाही, आरसीएममध्ये बसलाय

आरसीएममध्ये स्क्रीन पूर्ण काळी असते. आवाज नाही, दिवा नाही. ऑटोआरसीएम (दर वेळी थेट आरसीएममध्ये नेणारी सोय) चालू असेल तर पॉवर दाबला की कन्सोल पुन्हा तिथेच जातो, आणि मालकाला वाटतं तो उठतच नाही. बॅटरी मात्र संपत राहते. मागच्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून एक गृहस्थ असा कन्सोल घेऊन आले, एका ठिकाणी त्यांना मदरबोर्ड बदला असं सांगितलं होतं. अपडेटनंतर तीन आठवडे तो कपाटात तसाच पडून होता. मी पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं, मूळ चार्जर लावला आणि हात न लावता रात्रभर ठेवला. सकाळी जिग (आरसीएममध्ये नेणारी छोटी पिन) घालून पेलोड पाठवला. हेकाटे आलं, बॅटरी ४१ टक्के. कंटेंट्सचं नाव बदललं आणि मेन्यू उघडला.